शू झाली का?

ताई, दादा, बाळ जन्मताच रडलं नाही, मास्क लावून श्वास द्यावा लागला, तेव्हापासून तुम्ही दोघं काचेबाहेर उभे आहात. मला पाहिलं की एकच विचारता, 'मेंदूला काही होणार नाही ना?' तो घोर मलाही आहे. तरी सकाळी आल्या आल्या मी सिस्टरांना आधी विचारते, 'शू झाली का?'

प्राणवायू कमी पडला की बाळाचं शरीर असेल तेवढं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळवतं. मग मूत्रपिंडं, आतडी, कातडी यांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या त्यात दुखावतात. म्हणून सिस्टर कोरडा लंगोट काट्यावर ठेवून वजन लिहितात, ओला झाला की पुन्हा ठेवतात. एक ग्रॅम वाढला म्हणजे साधारण एक मिली शू. तीन किलोच्या बाळाला पहिल्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान 72 मिली तरी व्हायला हवी.

पण लंगोट भिजतोय म्हणून मी निर्धास्त होत नाही. शू नीट होत असतानाही मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते. ती रक्तातल्या क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ घटकावरून कळते, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन बरंचसं आईकडून आलेलं असतं. एका रिपोर्टवर काही ठरत नाही. आकडा उतरतोय की चढतोय ते बघावं लागतं. 'एवढ्याशा जिवाचं किती वेळा रक्त काढाल?' असं आजी परवा रडून म्हणाल्या, त्याचं उत्तर हे आहे. सलाईन मोजून देतो तेही यासाठीच. बाहेर पडत नसलेलं पाणी अंगात साचलं तर बाळ सुजतं, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं मूत्रपिंडावर भार टाकतात, म्हणून त्यांच्या वेळाही आम्ही जपून ठरवतो.

थिओफिलिन नावाच्या जुन्या औषधाचा जन्मानंतर पहिल्या तासात दिलेला एकच डोस अशा बाळांची मूत्रपिंडं सावरायला मदत करतो, असं श्रीनगरच्या डॉक्टरांनी 2006 साली दाखवलं. पहिला तास! आपल्या जिल्ह्यात मोखाड्याच्या पाड्यावरून बाळंतिणीला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तेव्हा तो तास वाटेतच सरतो. म्हणून पुढच्या खेपेला कळांची वाट पाहत घरी थांबू नका. तारीख जवळ आली की दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहा, 108 नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी 2011 पासून मोफत आहे. दागिना गहाण टाकण्याआधी हे विचारा.

बहुतेक बाळांची मूत्रपिंडं काही दिवसांत, काही आठवड्यांत सावरतात. डायलिसिस फार थोड्यांना लागतं. पण घरी गेल्यावर अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. गुटी नको, मध नको, शेजारणीने दिलेलं तापाचं औषधही नको. दिवसाला सहा लंगोट भिजले पाहिजेत. जुलाब लागले किंवा शू कमी झाली तर त्याच दिवशी या. आणि बाळ मोठं होऊन हसू-खेळू लागलं तरी अधूनमधून रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या.

डिस्चार्ज कार्ड जपा, त्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. बोईसरला कंपनी बदलते, खोली बदलते, गावी जाणं होतं, आणि कार्ड हरवतं. मग पाच वर्षांनी ताप आलेल्या मुलाला बघणाऱ्या डॉक्टरांना कसं कळणार की हे मूल जन्मताना रडलं नव्हतं?

मागे एक दादा तारापूरच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तसेच इथे यायचे. पगाराच्या स्लिपच्या पाठीवर त्यांनी पेनाने लिहून ठेवलं होतं: पहाटे 4:10, थोडी. सकाळी 7:30, थोडी. दुपारी 1:00, भरपूर. 'भरपूर'च्या खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.