माळ्यावरची गंजिफा

तेरेखोल खाडीच्या काठी वसलेल्या आरोंद्यासारख्या गावात जुन्या घराच्या माळ्यावर काय काय पडलेले असते, याची घरच्यांनाही पुष्कळदा कल्पना नसते. समजा, तेथे एक लाकडी डबी निघाली व तिच्यात रंगीत गोल चकत्या आढळल्या. मुले त्या खेळावयास घेतात, दहापाच हरवतात, उरलेल्या केरात जातात. ती डबी गंजिफांची असेल, तर त्या घरातून मोठी दौलत गेली असे समजावे.

गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ. बादशहा बाबराच्या आत्मवृत्तात १५२७ सालच्या नोंदींत त्याचा उल्लेख आहे. मोगली संचात आठ रंग व ९६ पाने असत. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगविलेल्या दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, एकूण १२०. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर बहुधा परशू असतात. विसाव्या शतकात ही कला लोपत चालली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा जीवदान दिले.

अशा वस्तूचे मोल तिच्या अखंडपणात व तिच्या माहितीत असते. १९७४ साली नगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे झुडपाचे मूळ खणताना एका ग्रामस्थास बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांच्या ओतीव धातुमूर्ती सापडल्या. संशोधक पोहोचण्यापूर्वीच त्या जागेवरून हलल्या होत्या. म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिला. माळ्यावरच्या डबीचेही तसेच. ती कोणी आणली, कोण खेळत असे, हे घरातील वृद्धांस विचारून तेव्हाच लिहून घ्यावयास हवे.

शिक्षकांनी डबी शाळेत ठेवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. वस्तू घरची आहे, ती घरीच राहावी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. परंतु ती घरात असणे हा अपराध नव्हे. पालकांची ही भीती आधी घालवावी, नाहीतर डबी दुसऱ्याच दिवशी अडगळीत दडेल किंवा फिरत्या व्यापाऱ्याच्या हाती चार पैशांस जाईल.

पाने ओल्या फडक्याने पुसू नयेत. पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावीत. पालकांच्या अनुमतीने वरच्या वर्गातील मुलांकडून, स्वच्छ कोरड्या हातांनी, ती रंगवार लावून घ्यावीत. बारा दाहे एकशेवीस हा पाढा तेथे आपोआप पडताळला जातो. एखाद्या रंगातील पंजी नसेल, तर वहीत तेवढी जागा कोरी सोडावी. पुढे ते पान देवघराच्या खणात किंवा शेजारच्या घरीही निघते.