मेहुण्यांना अमोनिया, आम्हाला फ्रीऑन, फसतंय कोण?

प्रश्न : अर्धापूरजवळ आम्ही केळी पिकवायला वीस-वीस टनांचे पाच रायपनिंग चेंबर बांधतोय. माझे मेहुणे लातूरला चिंचेसाठी पाच हजार टनांचं कोल्ड स्टोरेज उभारतायत. मला एकूण 60 टनांची फ्रीऑनची मशिनरी सांगितली. त्यांना 100 टनांची, अमोनियाची, तीही पाण्यावरची. माल पन्नासपट आणि मशीन दुप्पटसुद्धा नाही! शिवाय ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे पाण्यावरचं मशीन? आमच्यापैकी कुणाला गंडवतायत का?

उत्तर : या आकड्यांवरून तरी कुणालाच नाही. पाव्हण्यांशी भांडण काढायच्या आधी एवढं पाहा, की मशीनचा टन आणि मालाचा टन वेगळे. साधारण 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी बाहेर काढायची ताकद म्हणजे मशीनचा एक टन. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॉट. कोल्ड स्टोरेज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. म्हणून माल किती यापेक्षा त्यात उष्णता किती आणि ती किती तासांत काढायची, हे आधी विचारावं लागतं.

तुमचा घड उन्हाळ्यात बागेतून उतरतो तेव्हा 38 अंशांना असतो. वीस टन केळी 12 तासांत 18 अंशांवर आणायची तर फक्त तेवढ्यालाच जवळजवळ 9 टनांचं मशीन लागतं. त्यात केळं जिवंत असतं, पिकताना स्वतः तापतं. पंखे, भिंती आणि सारखं उघडणारं दार धरलं की चेंबरमागे 12 टन होतातच. प्रत्येक चेंबरचा दिवस वेगळा, तापमान वेगळं, म्हणून मशीनही वेगवेगळी. आणि ‘जितकं गार तितकं चांगलं’ हे केळ्यापुरतं डोक्यातून काढून टाका. 13 अंशांच्या खाली गेलं की सालीवर काळपट झाक येते आणि नंतर कितीही ऊब दिली तरी केळं बाजारात चालेल असं पिवळं होत नाही.

चिंचेचं असं नाही. ती वाळलेली, तिला कसली घाई नाही. थंडीत ठेवायची ती काळी पडू नये म्हणून. हंगामात गोदाम एकदा भरलं की पुढे भिंतीतून आणि दारातून शिरणारी उष्णता तेवढी काढायची. मेहुण्यांचे 100 टन मुख्यतः भरतीच्या दिवसांसाठी आहेत. एरवी त्यातला बराच भाग बसून असेल.

आता गॅस. अमोनिया जुनाट आणि घातक, फ्रीऑन नवा आणि निर्धोक, असं सर्रास बोललं जातं. अमोनिया विषारी आहे, यात वाद नाही. पण गळती जीवघेणी व्हायच्या कितीतरी आधी नाक सांगतं. फ्रीऑनला वास जवळजवळ नसतो. बंद खोलीत तो खाली साचतो आणि हवा हटवतो. माणसांची सतत ये-जा असलेल्या छोट्या चेंबरमध्ये अमोनिया नकोच, ते तुमच्या कंपनीवाल्यानं बरोबर सांगितलं. मोठ्या गोदामाला, वेगळी मशीनरूम आणि शिकलेला ऑपरेटर असेल तर, अमोनिया स्वस्त पडतो आणि वीजही कमी खातो. तुम्ही मात्र नुसतं ‘फ्रीऑन’ लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. ते घराण्याचं नाव आहे. आर-22 ओझोनमुळे बाद होत चाललाय. आर-404ए हा हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 3,900 पट, म्हणून 2016च्या किगाली करारानं त्याच्यावरही गदा आणलीय. दहा वर्षांनी भरायला मिळेल असा गॅस कोणता, ते लेखी घ्या.

राहिलं पाणी, आणि तुमची खरी शंका तीच आहे. काढलेली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर जाते. हवेवरचा कंडेन्सर 42 अंशांच्या हवेत गॅसला 50-55 अंशांच्या खाली आणू शकत नाही. पाण्यावरचा मात्र माठासारखा चालतो, म्हणून कोरड्या हवेत त्याचं फावतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ओल्या फडक्यातला थर्मामीटर 24-25च्या आसपास राहतो, त्यामुळे गॅस 35-38 अंशांनाच द्रव होतो. कंडेन्सरच्या एकेका अंशामागे साधारण दोन-तीन टक्के वीज वाचते, तेव्हा फरक तिसऱ्या हिश्श्याच्या घरात जातो. गंमत अशी, की जिथे पाणी नाही तिथेच पाण्याचा कंडेन्सर सगळ्यात छान चालतो. त्यातून अमोनिया दाबताना फार तापतो, म्हणून हवेवरच्या कंडेन्सरशी त्याचं सहसा जमत नाही.

किंमत काय? 100 टनांचं मशीन पूर्ण भारावर तासाला सुमारे 650 लिटर पाणी वाफ करून उडवतं. 16 तास चाललं तर रोज दहा हजार लिटरचा एक टँकर. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी सोडूनही द्यावं लागतं, नाहीतर कॉइलवर पांढरा थर चढतो आणि वाचलेली वीज परत जाते. आणि चिंचेची भरती ऐन टंचाईच्या तोंडावर. 12 एप्रिल 2016ला मिरजेहून पाच लाख लिटर घेऊन पहिली पाणीगाडी लातूरला पोचली, तो महिनासुद्धा हाच. तसं साल पुन्हा आलं तर मशीनचा टँकर आधी की वस्तीचा, याचं उत्तर कोटेशनमध्ये नसतं. तुमच्या भागात ईसापूरचा कालवा आहे, तरी एवढ्याशा मशीनसाठी पाण्याचा व्याप तुम्ही करू नये. फक्त तुमचा कंडेन्सर किती अंशांच्या हवेसाठी मोजलाय ते विचारा. कागदावर बहुधा 35 असतं; 43 धरून पुन्हा मोजून घ्या.

मेहुण्यांना एक सांगा. गोदामाचं छत 2,000 चौरस मीटरचं असेल आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-सांडणी वजा जाता अकरा लाख लिटर मिळतं. म्हणजे शंभरावर टँकर, तेही क्षाराशिवायचं पाणी. कंडेन्सरसाठी याहून बरं पाणी नाही. मात्र ते मार्चपर्यंत झाकून ठेवणारी टाकी कॉम्प्रेसरच्या आधी बांधावी लागेल, आणि तिचा खर्च अमोनियाच्याच खात्यात धरायचा. तो धरूनही विजेची बचत उरते का, हा हिशेब त्यांनी करावा. मला वाटतं उरेल. टाकीला जागाच नसेल, तर निमूटपणे हवेवरचं मशीन घेऊन जास्तीचं वीजबिल भरावं.