लेकराच्या तारखा परत कर

अगं, परवा शिरूरच्या सप्ताहात तुझ्या लेकराचं कीर्तन मी शेवटपर्यंत ऐकलं. आठ वर्षांचं पोर, फेटा भुवयांवर उतरलेला, आणि सांगतंय काय, तर सुनेनं सासूशी कसं वागावं! मंडपात हशा पिकला, मोबाइल वर झाले. त्याचा बाप, आपले पाव्हणे, खुशीत होते. मी मात्र टाळकऱ्यांच्या जवळ बसले होते. प्रमाण आठवेना झालं की ते आधी बापाच्या तोंडाकडं बघायचं, मग विणेकऱ्याकडं. रात्री अकराला उतरलं ते पखवाजाला टेकूनच झोपलं. सकाळी शाळा होती ना गं त्याची?

पाव्हण्यांचं मला कळतं. दसरा झाला की आपल्याकडून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला कारखान्याला निघतात. पोराच्या हाती कोयता येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात आहे. पण म्हणून महिनाभराच्या तारखा घेऊन ठेवायच्या? पाकीट बापाच्या खिशात जातं, घसा पोराचा बसतो.

कुमार गंधर्वांचंच बघ. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून लहानपणीच हुबेहूब गायचे. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही पोरवयातच मिळाली, वडील त्यांना घेऊन गावोगाव जलसे करीत फिरले. पुढं १९३६ च्या सुमाराला हेच नावाजलेलं पोर मुंबईत देवधर मास्तरांकडं गाणं शिकायला राहिलं. टाळ्या मिळत असताना पुन्हा विद्यार्थी होऊन बसायचं! नक्कल मागं पडली आणि स्वतःचं गाणं आलं, ते त्यानंतर.

कीर्तनाचंही शिक्षण असतंच की. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं चार वर्षं शिकावं लागतं. तुझ्या लेकराला त्याला अजून वेळ आहे. आणि उशिरा सुरुवात केली म्हणून काही बिघडत नाही. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर बारावीनंतर फौजेत गेला, स्टीपलचेसच्या शर्यतीकडं वळला २०१७ ला, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमहून राष्ट्रकुलचं रौप्य घेऊन आला. आठव्या वर्षी त्याची क्लिप कुणी फिरवली नव्हती.

तर असं कर. लांबच्या तारखा परत कर, कारण माझ्यावर ढकल. गावातल्या हरिपाठाला त्याला बाकीच्या पोरांत उभं राहू दे, फेट्याशिवाय. आणि विचार एकदा त्याला, बाप नसताना विचार, त्याला स्वतःला काय आवडतं. रविवारी मी येतेच. पाव्हण्यांशी मी बोलते, तू फक्त मधे पडू नकोस.