मधला माणूस नसतो तेव्हा

देवळाली कॅम्प,
रविवार, सकाळ

चि. छकुलीस,


परवा जेवताना तू विचारलेस, "मामा, पुण्याच्या एडिटरला शूट पाठवायला टॉरेंट बरे, की ते सिंकवाले, की सरळ ड्राइव्हवर टाकू?" पानावर बसून दोन वाक्यांत सांगावे असे ते उत्तर नव्हते, म्हणून लिहितो आहे. लॅम रोडवर मी बावीस वर्षे डीटीपी आणि लग्नपत्रिकांचे दुकान चालवले. त्यातला निम्मा वेळ फायलींची ने-आण करण्यात गेला. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसायचे, आणि संध्याकाळपर्यंत व्हायरस काढत बसावे लागायचे. तुझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा आहे आणि तुझ्या फायली माझ्या फायलींच्या हजारपट मोठ्या आहेत. पण अडचणी त्याच आहेत.

आधी २०२० सालचे सांगतो, कारण तेव्हा तू कॉलेजात होतीस. टाळेबंदीत सगळे घरून काम करत होते. मोठ्या फायली आम्ही वीट्रान्स्फरने पाठवायचो आणि दुकानात आलेल्या माणसाच्या फोनवरून शेअरइटने घ्यायचो. मे महिन्यात वीट्रान्स्फर बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. २९ जूनला ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, त्यात शेअरइट होते आणि झेंडरही. दीड महिन्यात माझे दोन्ही रस्ते बंद झाले. त्यातले वीट्रान्स्फर सर्व्हरवाले, शेअरइट फोन-टू-फोन थेट देणारे. म्हणजे तंत्र कोणते यापेक्षा त्याची चावी कोणाच्या हातात आहे हे मी त्या पावसाळ्यात पाहायला शिकलो. ज्याचा कोड खुला आहे, जे एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही, ते निवडावे हे माझे मत तेव्हापासूनचे आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ड्राइव्हवर फाईल ठेवणे म्हणजे पोस्टात पार्सल टाकणे. तू झोपलीस तरी ते पोचते, समोरचा सवडीने घेतो, आणि पोस्टाकडे नोंद राहते. टॉरेंट आणि सिंकवाले दोन्ही पीअर-टू-पीअर, म्हणजे वाटी घेऊन शेजारच्या दारात स्वतः जाणे. दार उघडायला घरात कोणी असावे लागते, म्हणजे दोन्हीकडची मशीन एकाच वेळी चालू हवीत. जागेचे भाडे नाही, फाईल तिसऱ्याच्या कपाटात पडून राहत नाही, हा फायदा खरा आहे. पण मधला माणूस गेला की त्याची कामेही तुझ्या अंगावर येतात. समोरचा कोण आहे हे ओळखणे, आलेली फाईल पूर्ण आहे का हे तपासणे, आणि जुनी प्रत सांभाळणे, हे सगळे तुझे. या पत्रात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

शेजारी शेजारी बसून देण्या-घेण्यासाठी फार विचार नको. ब्लूटूथने मोठी फाईल कधीच पाठवू नकोस. १ जीबीला तास-दीड तास घेईल. आयफोन-आयफोनमध्ये एअरड्रॉप आहे, अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर, जे २०२४ पर्यंत निअरबाय शेअर म्हणून ओळखले जायचे. तुझ्याकडे फोन, विंडोजचे मशीन आणि मॅक असे सगळेच असल्याने लोकलसेंड टाकून घे. ते फुकट आहे, खुले आहे, एकाच वायफायवर इंटरनेटशिवाय चालते. फक्त एअरड्रॉप आणि क्विक शेअरमधली "सर्वांना दिसू दे" ही सोय काम झाले की बंद करायची. मंगल कार्यालयात दोनशे फोन असतात.

टॉरेंटबद्दल तुझ्या मनात जरा भीती दिसली. तंत्र निर्दोष आहे. ब्रॅम कोहेन याने २००१ मध्ये ते आणले. फाईलचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकाचा हॅश म्हणजे गणिती ठसा आधीच लिहून ठेवायचा, आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने पुढच्याला द्यायचा. ठसा जुळला नाही तर तो तुकडा फेकून पुन्हा मागवला जातो. पूर्ण फाईल जवळ ठेवून वाटत राहणाऱ्याला सीडर म्हणतात, आणि हा शब्द मला आपल्या मातीतला वाटतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची बियाण्यांची बँक याच रीतीवर चालते: बी न्यायचे, पिकवायचे आणि परत द्यायचे. घेणारे वाढले की साठा वाढतो. सर्व्हरच्या बाबतीत उलटे होते, घेणारे वाढले की तो दमतो. म्हणून लिनक्सच्या आवृत्त्या टॉरेंटने वाटल्या जातात, आणि इंटरनेट आर्काइव्हवरच्या जुन्या पुस्तकांनाही टॉरेंटची सोय आहे.

पण ही पद्धत अनेकांना एकच वस्तू द्यायची असेल तेव्हाची. तुला एका एडिटरला एका कुटुंबाचे लग्न द्यायचे आहे. उघड्या टॉरेंटवर ते टाकणे म्हणजे अल्बम चौकात ठेवणे, आणि घेणाऱ्यांना एकमेकांचे आयपी पत्तेही दिसतात. तेव्हा तुझ्या कामासाठी टॉरेंट नको, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि एडिटिंगचे क्रॅक सॉफ्टवेअर टॉरेंटवरून उतरवायचा मोह तुझ्या बरोबरीच्या पोरांना होतो, तो तू टाळ. कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून जवळचा धोका असा, की अशा क्रॅकबरोबर मशीनमध्ये काय शिरले ते कळायला गिऱ्हाइकाच्या फायली जाव्या लागतात.

उरले सिंकवाले, म्हणजे दोन मशीनवरचे एक फोल्डर सतत सारखे ठेवणारे. त्यात दोन नावे तुझ्या कानावर आली असतील. रेझिलिओ सिंक हे बिटटॉरेंट कंपनीच्या २०१३ च्या बिटटॉरेंट सिंकचे पुढचे रूप. चांगले चालते, पण त्याचा कोड बंद आहे आणि धंद्यासाठी पैसे मोजावे लागतात. दुसरे सिंकथिंग, तेही २०१३ चेच, पण खुले आणि फुकट. प्रत्येक मशीनला लांबलचक ओळखक्रमांक असतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा क्रमांक मान्य केल्याशिवाय एक अक्षरही हलत नाही, आणि वाटेत सगळे एन्क्रिप्ट होऊन जाते. तुझ्या आणि एडिटरच्या मशीनसाठी मी हेच सुचवीन. फोनवर मात्र त्याचा भरवसा धरू नकोस. त्याचे अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस थांबले, आता दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती आहे.

आता माझी चूक सांगतो. दुकानात दोन मशीन मी अशाच एका सिंकने जोडली होती आणि "दोन ठिकाणी आहे, म्हणजे बॅकअप आहे" असे समजून निवांत होतो. एका रात्री जागा कमी पडली म्हणून पुढच्या मशीनवरचे मागील हंगामाचे फोल्डर पुसले. आतल्या मशीनने तेच इमानाने केले. एका सहकारी पतपेढीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची सगळी पाने त्यात होती. त्यांचे जुने संचालक पुनर्मुद्रणासाठी आले, तेव्हा माझ्याकडे छापील प्रतीशिवाय काही नव्हते. सगळी पाने पुन्हा टाइप केली, पण त्यांनी आणून दिलेले जुने फोटो स्कॅन करून मूळ परत दिले होते आणि ते मधल्या काळात हरवले होते. ते फोटो गेले. सॉफ्टवेअरने सांगितले तसे केले, चूक माझी होती.

म्हणून सिंकथिंग बसवताना दोन गोष्टी पहिल्या दिवशीच कर. शूटचे फोल्डर तुझ्या बाजूला "फक्त पाठवा" या प्रकारावर ठेव, म्हणजे एडिटरकडे काही पुसले गेले तरी तुझे शाबूत राहील. आणि एडिटरच्या बाजूला फाईल व्हर्जनिंग, म्हणजे पुसलेल्या-बदललेल्या फाईलची जुनी प्रत राखणे, चालू कर, ते आपोआप चालू नसते. त्याशिवाय एक हार्ड डिस्क अशी ठेव, जी नक्कल झाल्यावर काढून कपाटात जाते आणि कोणत्याही सिंकला जोडलेली नसते.

वेगाचा हिशेब स्वतः करून पाहा. २०० जीबीचे शूट १०० एमबीपीएस अपलोडने पाठवायला साडेचार तास लागतात, तेही लाइन पूर्ण मिळाली तर. तेच ऑफिसातल्या दोन मशीनमध्ये गिगाबिट केबल टाकली तर अर्ध्या तासाचे काम. इंटरनेटची जोडणी घेताना डाउनलोडचा आकडा दाखवतात, तू अपलोडचा विचार. आणि एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असले, जसे मोबाइल डेटावर सर्रास असते, तर थेट जोड अनेकदा लागत नाही, फाईल रिलेमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जाते आणि फार रेंगाळते. ज्या महिन्यात २ टीबी साठेल, त्या महिन्यात डिस्क नीट गुंडाळून माणसाबरोबर पुण्याला पाठव. १०० एमबीपीएसने दोन दिवस जातील, गाडीने दुपारी पोचेल.

गिऱ्हाइकाला अंतिम व्हिडिओ मात्र ड्राइव्हच्या लिंकनेच दे. नवरीच्या आईला ओळखक्रमांक जुळवायला लावू नये.

एक गोष्ट आपल्या गावाची. इथे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, तुझी निम्मी लग्ने लष्करी घरांतली असतील. २०२० च्या जुलैत लष्कराने आपल्या लोकांना ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला लावली होती. या घरांना ही खबरदारी नवी नाही. तूही ती पाळ. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, ते बाहेर पाठवण्याआधी काढून टाक. निमंत्रितांची नावे-फोन असलेली यादी शूटच्या फोल्डरात ठेवू नकोस. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी, कोणाचे घर आतून पाहिले की ते आपल्यापाशी ठेवायचे असते.

पुढच्या रविवारी तुझे आणि ऑफिसचे, दोन्ही लॅपटॉप घेऊन ये. एक फोल्डर जोडू, मग त्यातली एक फाईल मुद्दाम पुसू आणि तू ती माझ्यासमोर परत आणून दाखव. तोपर्यंत खऱ्या शूटला हात लावू नकोस.

तुझा,
मामा