अपडेट बंद करू नका, चावी कागदावर उतरवा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं, म्हणजे बदलापूर-अंबरनाथचे चाकरमानी बहुधा अजून लोकलमध्येच. त्या वेळी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर धाडली. फाइलमधला नियम एकविसावा रकाना मागत होता आणि वाचणाऱ्या प्रोग्रामकडे रकाने होते २०. एरवी एवढ्याने एखादा प्रोग्राम बंद पडला असता. पण हा विंडोजच्या गाभ्यात चालणारा, त्यामुळे अख्खं मशीनच झोपलं. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा आला होता. आपल्याकडे इंडिगोची दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द झाली आणि विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून दिले गेले.

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये हे महागडं सॉफ्टवेअर सहसा नसतं. तेव्हा ‘आपल्याला काय त्याचं?’ असं कुणी म्हटलं तर नवल नाही. दुसरा निष्कर्ष जास्त घातक : ‘अपडेटच नको, चाललंय ते चालू दे.’ जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. त्याचा पहिला शिरकावही युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दूषित अपडेटमधून झाला, हे मान्य. पण पुढे तो ज्या फटींतून पसरला, त्यांतल्या एकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दार उघडं राहिलं ते अपडेट न घेणाऱ्यांचं. माझ्या मते २०२४ चा दोष अपडेटचा कमी, सगळ्यांना एकाच वेळी देण्याचा जास्त. म्हणून अँटिव्हायरसचं रोजचं अपडेट चालू ठेवावं. मात्र दुकानात दोन संगणक असतील तर विंडोजचं मोठं अपडेट एकावर आठवडाभर थांबवावं. सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे.

एकच संगणक असेल तर? मग सगळी भिस्त मशीन पुन्हा उठवण्यावर. त्या शुक्रवारी सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने उडवावी लागत होती, आणि बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप असलेल्या अनेक मशीनांनी आधी ४८ अंकी चावी मागितली. विंडोज ११ च्या नव्या संगणकांवर हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं आणि चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. ते खातं कुणी उघडलं? पुष्कळदा संगणक बसवून देणाऱ्या पोराने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. पोरगा नंबर बदलतो, गाव बदलतो. ती चावी बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर नको, तिजोरीतल्या कागदावर लिहा. आणि आजच, दुकान बंद करण्याआधी, ते खातं कुणाच्या नंबरवर आहे तेवढं विचारून घ्या.