खोडवा आणि थकलेले मन



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस माणसाच्या मनाविषयी लिहीत आहोत. ऊस पिवळा पडला की आपण लगेच गट ऑफिस गाठतो. मन पिवळे पडले तर मात्र कुणाला सांगत नाही.

उदाहरण बदलापूरचे घेऊ. मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून हे गाव सुमारे ६८ किलोमीटर. मुंबईत जागा परवडत नाही, म्हणून खेड्यापाड्यांतून गेलेली कितीतरी माणसे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरला राहतात आणि लोकलने कामाला जातात. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचा पूर बदलापुरात शिरला. घरे सावरतात तोच मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि लोकल बंद झाल्या.

नर्सबाई, सफाई कामगार, पोलीस यांना सुटी नव्हती. ते एस.टी.च्या खास गाड्यांनी कामावर जात. १५ जून २०२० पासून त्यांच्यासाठी मोजक्या लोकल सुरू झाल्या. दिवसभर धोक्यात काम करायचे आणि घरी आल्यावर लेकरांना जवळ घ्यायचीही भीती! उलट ज्यांचे काम रोजंदारीचे, ते घरात बसून मिळकतीची काळजी करीत. एकाला विसावा नाही, दुसऱ्याला काम नाही, खचले दोघेही.

आपल्या धंद्यातही तेच घडले. त्या वर्षी ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये सरकारने परवानगी दिल्यावर ते तपासणी होऊन गावी परतले.

कामाच्या ताणाने माणूस असा जळून जातो त्याला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली : १) अंगातले त्राणच संपणे, २) कामाविषयी मन उडणे, "काय करायचंय करून?" असे वाटणे; ३) हातून पूर्वीसारखे काम न होणे. हा रोग नव्हे, आणि आळस तर नव्हेच. पण दुर्लक्ष केले तर पुढचे दुखणे जडू शकते. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व नैराश्याचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे याच संघटनेने २०२२ मध्ये सांगितले.

मग काही माणसे पुन्हा उभी कशी राहतात? खोडव्याकडे पाहा. ऊस तुटून जातो, पण जमिनीखालच्या डोळ्यांतून नवे कोंब येतात. तरीही खोडवा नुसता सोडून दिला तर फुटवे कमी पडतात. आपण बुडखे छाटतो, पाचट न जाळता सरीत ठेवतो, पहारीने खत देतो, तेव्हा उतारा येतो. मनाचा चिवटपणाही तसाच. तो नुसता जन्माने मिळत नाही. त्याला मशागत लागते.

ती मशागत अशी :

१) झोप मोडू नका. रात्रीच्या पाण्याची पाळी घरात वाटून घ्या.

२) आठवड्यातून एकदा तरी चार माणसांत बसा. ऊसबिल आणि कर्ज सोडून दुसरे बोला.

३) पुढच्या वर्षाची चिंता वाटली तरी आजचे एक काम ठरवा व ते पुरे करा.

४) दारू हे खत नव्हे, तणनाशक आहे, ते पिकालाच मारते.

५) घरातला कोणी गप्प राहू लागला, जेवण टाळू लागला, "मी नसलो तर बरं" असे बोलू लागला, तर "मन घट्ट कर" म्हणून सोडू नका. त्याला एकटे ठेवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते.

साथ ओसरली, पूर, दुष्काळ, लांबलेली तोडणी आणि थकलेले बिल यांचा ताण मात्र चालूच राहणार. शेतातला एक खोडवा मोडला तर नवी लागण करता येते. घरातल्या माणसाची नवी लागण होत नाही, एवढे प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे.