हरवलेले शब्द आणि संगणक

पक्षाघातानंतर एखाद्या आजोबांना समोरचा पेला ओळखता येतो, पण 'पेला' हा शब्द ओठांवर येत नाही. याला वाचाघात म्हणतात. बुद्धी शाबूत असते, हे आधी ध्यानात घ्यावे. काही महिन्यांनंतर सुधारणा होतच नाही, हा समजही सोडावा.

ब्रिटनमध्ये 'बिग कॅक्टस' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. २७८ रुग्ण होते. पक्षाघाताला किमान चार महिने, कित्येकांना तर वर्षे लोटलेली. त्यांतील एका गटाने स्वतःच्या उपयोगाचे १०० शब्द निवडून सहा महिने घरीच संगणकावर सराव केला. नेहमीच्या उपचारांवरील गटाच्या तुलनेत हे शब्द आठवण्यात सुमारे १६ टक्के अधिक सुधारणा झाली. संभाषण मात्र सुधारले नाही!

मला हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. संगणकावर आलेला शब्द बोलण्यात यायला समोर माणूस हवा. आजोबा अडखळले की त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये, थोडे थांबावे. आपल्या घरांत आजी नातवंडांशी मराठीत आणि भाजीवाल्याशी हिंदीत बोलतात. शब्दांची यादी करताना वाचा-उपचारतज्ज्ञांना दोन्ही भाषा पालकांनी अवश्य सांगाव्यात.